सगळ्या असाइनमेंट एआयकडून लिहून येतात, मुलांना नेमकं काय शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी द्वितीय वर्षाला महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर असाइनमेंट दिली. निम्म्याहून जास्त मुलांच्या उत्तरांत तीच उपशीर्षकं, तोच क्रम आणि जवळपास तीच वाक्यं आली. प्राचार्य म्हणतात, एआयचा मजकूर ओळखणारा डिटेक्टर लावा आणि शून्य द्या. सहकारी म्हणतात, सोडून द्या, जग तिकडेच चाललंय. मॅडमना यातलं काहीच पटत नाही. मुलांनी एआय वापरावं, पण त्यातून शिकावंही, अशी त्यांची इच्छा आहे. सुरुवात कुठून करायची, असं त्या विचारतात.

मॅडम, आधी डिटेक्टरचं मिटवू. तो विषय मध्ये असेपर्यंत बाकीचं बोलणं पुढे सरकत नाही.

डिटेक्टरने दाखवलेल्या टक्क्यांवरून कुणालाही शून्य देऊ नका. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांच्या हाती आलं. मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारं साधन चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैमध्ये गुंडाळलं, कारण त्याची अचूकता कमी होती. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर नाहक शिक्का मारत होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांपुढे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध ठेवले. ते लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. मोजका शब्दसंग्रह, सरळ वाक्यं, पुढचा शब्द सहज ओळखता यावा अशी रचना, यालाच डिटेक्टर यंत्राची खूण मानतात. आपली मुलं इंग्रजी कशी लिहितात ते तुम्ही रोज पाहता. त्यांच्यातला प्रामाणिक मुलगाच यात आधी अडकेल.

मराठी उत्तरांत तर गोंधळ आणखी वाढतो. ‘ग्रामीण विकासात महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ असं वाक्य दिसलं की आपण म्हणतो, हे एआयचं. पण एआय यायच्या कितीतरी आधीपासून मुलं गाइडमधून हेच वाक्य पाठ करत आली आहेत, आणि त्या गाइडा लिहिणारे आपल्यातलेच होते. लिखाणाच्या वळणावरून संशय घ्यायला हरकत नाही, पण त्यावरून शिक्षा करता येत नाही.

आणखी दोन सापळे आहेत. उत्तर चॅटबॉटमध्ये टाकून ‘हे तू लिहिलंस का’ असं कधीही विचारू नका. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात मे २०२३ मध्ये एका अध्यापकाने हेच केलं, चॅटबॉटने हो म्हटलं आणि पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचे निकाल अडकले. स्वतः काय लिहिलं याची नोंद चॅटबॉट अशी तपासून सांगत नाही, तो फक्त पटेल असं उत्तर देतो. दुसरा सापळा टक्केवारीचा. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं आणि पुढे ४० व ६० टक्क्यांचे टप्पे आहेत, हे प्राध्यापकांना पाठ असतं. पण ते साम्य आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी आहे. एआयने नव्याने जुळवलेल्या मजकुरात तसं साम्य शून्यही निघू शकतं. त्यामुळे ‘सर, माझा रिपोर्ट चार टक्के आलाय’ हे वाक्य एआयबाबत काहीच सिद्ध करत नाही, ना मुलाच्या बाजूने, ना विरुद्ध.

मग आत्ता हातात असलेल्या असाइनमेंटचं काय? सरळ वर्गात सांगा की प्रत्येकाला त्याच्याच उत्तरातलं एक वाक्य दाखवून दोन प्रश्न विचारणार: याचा अर्थ काय, आणि हे तुला कुठून कळलं. ज्याला सांगता येईल त्याचे गुण कायम. ज्याला येणार नाही त्याला आठवडाभराने तेच पुन्हा लिहायची संधी, यावेळी वर्गात बसून. कुणावर आरोप नाही, कबुलीजबाब नाही. वर्ग मोठा असेल तर चिठ्ठ्या टाकून रोल नंबर काढा. आपला नंबर निघू शकतो एवढं कळलं तरी मुलं आदल्या रात्री स्वतःचं उत्तर वाचून येतात. अनेकांचं ते पहिलंच वाचन असतं, हेही खरं.

आता मूळ मुद्दा. एआय वापरा किंवा वापरू नका, असा सरसकट नियम टिकत नाही, कारण असाइनमेंट ही एकसंध गोष्ट नसते. तिच्यात विषय निवडणं, वाचणं, माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, मुद्दे रचणं, भाषा नीट करणं, टाइप करणं हे सगळं असतं. यातल्या एखाद-दुसऱ्या जागीच शिकणं घडतं, बाकीची नुसती हमाली असते. ती जागा कोणती, हे प्रत्येक असाइनमेंट देताना आपण ठरवायचं आणि मुलांना तोंडाने सांगायचं. तिथे यंत्र नको, बाकी ठिकाणी हरकत नाही. शुद्धलेखन हा विषय नसेल तर ते यंत्राकडून तपासून घेऊ द्या. पण मुद्दे रचायला शिकवायचं असेल, तर आराखडा मात्र मुलाच्याच हातचा हवा. हे आपण सांगत नाही, म्हणून मुलं स्वतः ठरवतात, आणि जिथे जास्त डोकं लागतं तीच जागा यंत्राला देऊन टाकतात. त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. इतकी वर्षं आपण शेवटच्या कागदालाच गुण दिले आहेत.

यामागे पुरावा आहे. तुर्कस्तानात शाळेच्या वरच्या वर्गांतल्या सुमारे हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला सराव करताना साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला उत्तर न देता इशारे देणारा, शिक्षकांनी बांधून दिलेला चॅटबॉट, तिसऱ्याला काहीच नाही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, कधीच काही न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्या गटाचं असं नुकसान झालं नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला डबा बांधतात, पण हातपाय त्यालाच मारावे लागतात. इथे डब्याने पोराला उचलून थेट काठावर ठेवलं होतं.

तेव्हा वर्गात पहिली गोष्ट शिकवायची ती हीच, यंत्राकडून उत्तर न घेता इशारा कसा घ्यायचा. भाषण नको, फळ्यावर एक उदाहरण करून दाखवा. मी मागणीच्या लवचिकतेचं घेतो, म्हणजे भाव बदलला की त्या मानाने मागणी किती बदलते त्याचं. कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून २५ झाला, बाजारातली मागणी १०० किलोंवरून ९० वर आली. लवचिकता काढा. मुलं वहीत काढतात: मागणी १० टक्क्यांनी घटली, भाव २५ टक्क्यांनी वाढला, उत्तर ०.४. मग तेच गणित चॅटबॉटला विचारायचं. कधी तो ०.४ सांगतो, कधी ०.४७. ०.४७ आलं की वर्गात कुजबुज सुरू होते. निम्मी मुलं वहीतलं उत्तर खोडायला घेतात, कारण यंत्र चुकेल कसं! दोन-चार जण म्हणतात, यंत्रच गंडलंय. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. यंत्राने मध्यबिंदूची पद्धत वापरली, म्हणजे बदलाची टक्केवारी सुरुवातीच्या आकड्यावर न काढता दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर काढली: ९५ वर १० आणि २२.५ वर ५. भाव २५ वरून पुन्हा २० वर आणला तर पहिल्या पद्धतीचं उत्तर बदलतं, दुसऱ्या पद्धतीचं तेच राहतं. एवढं झालं की लवचिकता त्या वर्गाला कायमची कळते. पण एक अट आहे, वहीतला ०.४ आधी लिहिलेला हवा. आधी स्वतःचं उत्तर नसेल तर तुलना कशाशी करणार? थेट यंत्राला विचारणारा मुलगा ०.४७ उतरवतो आणि पुढे जातो.

त्यानंतर मुलांना विचारायची पद्धत लिहूनच द्या. मी देतो ती साधारण अशी:

‘मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागणीची लवचिकता मला अशी समजली आहे. (इथे स्वतःच्या शब्दांत चार ओळी.) यात चूक असेल तर कुठल्या ओळीत आहे एवढंच सांग. बरोबर उत्तर देऊ नकोस. आधी मला एक प्रश्न विचार, मी उत्तर दिल्यावर पुढचा विचार.’

यातली कळीची गोष्ट त्या स्वतःच्या चार ओळी. त्या नसतील तर बाकीच्या सूचनांना अर्थ नाही. आणि शेवटची सूचना, मला प्रश्न विचार, ही परीक्षेच्या आधी सोन्यासारखी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने चित्र उलटं होतं. वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. चॅटबॉटने दिलेला नीटनेटका सारांश वाचणं म्हणजे तेच ‘पुन्हा वाचणं’. सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात थबकतो.

दुसरी गोष्ट शिकवायची ती यंत्र चुकतं कसं. ‘एआय चुका करतं’ हे मुलांनी इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानावरून जातं. चूक कुठल्या प्रकारची असते ते दाखवावं लागतं. तुमचीच असाइनमेंट घ्या. मुलांच्या उत्तरांत अशा धर्तीचा परिच्छेद सापडेल:

‘महाराष्ट्र रोजगार हमी योजना २००५ साली सुरू झाली. या योजनेअंतर्गत प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस रोजगाराची हमी दिली जाते. योजनेचा बहुतांश खर्च केंद्र सरकार उचलते.’

भाषा स्वच्छ आहे, सूर ठाम आहे, आणि तिन्ही वाक्यं महाराष्ट्राच्या योजनेबद्दल चुकीची आहेत. ती योजना सुरू झाली १९७२ च्या दुष्काळात. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही आधी झाला होता. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. हमी कुटुंबाला नव्हती, ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती, आणि तिला १०० दिवसांची मर्यादा नव्हती. पैशासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुरीची तजवीज झाली. परिच्छेदात जे लिहिलंय ते केंद्राच्या २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचं वर्णन आहे.

ही चूक नुसती योगायोगाने होत नाही, आणि हे मुलांना सांगण्यासारखं आहे. यंत्र जे वाचून तयार झालं त्या मजकुराच्या वळणावरून ते पुढचा शब्द जुळवत जातं. केंद्राच्या योजनेबद्दल जगभर ढिगाने लिहिलं गेलं, महाराष्ट्राच्या जुन्या योजनेबद्दल त्या मानाने थोडं, आणि त्यातलं बरंचसं मराठीत, छापील, ग्रंथालयांच्या कपाटांत. मोठ्या प्रवाहात लहान प्रवाह मिसळून जातो. म्हणून अंदाज बांधता येतो: जितका विषय स्थानिक, जितका जुना, जितका मराठी कागदपत्रांतला, तितकी तपासणी कडक. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू यांची सरमिसळ होण्याची भीती याच जातीची. कायद्याच्या मुलांना भारतीय दंड संहितेचं ४२० कलम सांगून मोकळं होणारं यंत्रही त्याच जातीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं, पण जुन्या कलमावर दीडशेहून अधिक वर्षांचा मजकूर साठलेला आहे.

संदर्भांचं तर विचारूच नका. लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठ क्रमांक सगळं व्यवस्थित, आणि तो लेख अस्तित्वातच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी अशा न झालेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. मुलांना नियम एकच द्या: जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही तो यादीत लिहायचा नाही. ग्रंथपालांना एक तास वर्गावर बोलावा. एखादं पुस्तक खरंच आहे का हे शोधण्याची कला त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असते, आणि त्यांना कुणी बोलावत नाही.

तिसरी गोष्ट एक खेळ आहे. चॅटबॉटने बरोबर उत्तर दिलं की त्याला म्हणायचं, ‘नाही, तुझं चुकलं. आमच्या सरांनी वेगळं सांगितलंय.’ पुष्कळदा तो माफी मागतो आणि बरोबर उत्तर बदलून चुकीचं देतो. मुलं हसतात, पण त्यांना कळतं की हा आपल्या हो ला हो करणारा आहे. ‘माझा निबंध कसा झालाय’ असं विचारलं की तो ‘उत्कृष्ट’ का म्हणतो, हे निराळं समजावावं लागत नाही. त्याऐवजी ‘या निबंधाला नापास करायचं असेल तर कुठली तीन कारणं देशील’ असं विचारायचं. ते चटकन जमतं मुलांना.

इथवर वाचून वाटेल की मी यंत्राचा पाहुणचार नाइलाजाने करतोय. तसं नाही. तुमच्या महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्याचा जो सगळ्यात मोठा उपयोग आहे त्याबद्दल कुणी बोलत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी बीकॉमला किंवा बीएस्सीला येते आणि एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडतं. वर्गात विचारायची लाज वाटते. घरी विचारायला कुणी नाही. शिकवणीला पैसे नाहीत. अशा मुलीला रात्री अकरा वाजता, न हसता, न कंटाळता, दहाव्यांदा विचारलं तरी मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी पहिल्यांदाच मिळालंय. हे थोडंथोडकं नाही. सरसकट बंदी घालतो तेव्हा पहिला तोटा तिचा होतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना असा मदतनीस आधीपासून होताच, फक्त त्याला आपण काका किंवा ताई म्हणत होतो.

पण तिलाही पद्धत शिकवावी लागते. अख्खा धडा टाकून ‘मराठीत सांग’ म्हटलं तर इंग्रजी पुस्तक ती कधीच वाचणार नाही, आणि तिसऱ्या वर्षीही तिथेच असेल. म्हणून आधी इंग्रजी परिच्छेद पेन्सिल घेऊन वाचायचा. जिथे अडलं त्या वाक्याखाली रेघ. फक्त तेवढं वाक्य विचारायचं, संज्ञा इंग्रजीच ठेवून स्पष्टीकरण मराठीत मागायचं. मग मूळ परिच्छेद पुन्हा वाचायचा. सुरुवातीला पानावर पंधरा रेघा असतात. त्या कमी होत गेलेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणून ती पानं जपून ठेवायला सांगा. तिला स्वतःची प्रगती त्या पानांवर दिसते, एवढं पुरे असतं. मराठी स्पष्टीकरणात यंत्र कधी हिंदी वळणाचं, कधी अगम्य संस्कृतप्रचुर लिहितं. ‘सोप्या बोलीत, गावातल्या दुकानाचं उदाहरण देऊन’ असं मागितलं की बरंच सुधारतं.

फोनचाही प्रश्न आहे. काही मुलींचा फोन भावाबरोबर सामाईक असतो, काहींचा डेटा महिना संपायच्या आत संपतो. एआयवर आधारलेलं काम घरी करायला देऊ नका, संगणक कक्षात करून घ्या. पैसे भरून मिळणारी आवृत्ती कुणाकडे आहे यावर गुण ठरता कामा नयेत.

आता असाइनमेंट बदलायची कशी. रोजगार हमीचीच पुन्हा देऊन बघा, अशी: आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या, ७२ च्या दुष्काळात कामावर गेलेल्या एका व्यक्तीशी बोला. कुठलं काम होतं, नाला बंडिंग की रस्ता की खडी फोडणं, मजुरी कशी मिळाली, सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळायचा पूरक आहार, कुठे वाटायचे. ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि भरभरून बोलतात. मग योजनेवर एआयकडून एक पान लिहून घ्या आणि त्या व्यक्तीच्या सांगण्याशी व ग्रंथालयातल्या एका छापील स्रोताशी ताडून बघा. गुण त्या ताडण्याला. इथे यंत्राचा मजकूर लपवायची गरजच उरत नाही, तो उघड टेबलावर असतो. तरी कुणी मुलाखतच यंत्राकडून रचून आणेल. आणूदे. त्याला तोंडी दोन प्रश्न विचारा, ‘त्या आजींना आता किती ऐकू येतं?’ असे.

मुलाखत आली की खासगीपण आलं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीलाच फील्ड प्रोजेक्ट आहेत, मुलं वस्त्यांत जातात, आशा सेविकांशी, शेतकऱ्यांशी बोलतात, आणि मुलाखतीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं चॅटबॉटला चढवून सारांश मागतात. त्यात नाव, आजार, कर्जाचा आकडा, कधी आधार क्रमांकाचा फोटोही असतो. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याने परदेशी सर्व्हरवर जायला होकार दिलेला नाही. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्याची वाट कशाला बघायची. नाव, गाव, क्रमांक काढल्याशिवाय काहीही चढवायचं नाही, आणि संमती घेताना एआय वापरणार असू तर तसं सांगायचं. हे आपल्यालाही लागू. मुलांच्या उत्तरपत्रिका नावासकट चॅटबॉटला देऊन शेरे लिहून घेणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मुलांनाही ते शेरे ओळखू येतात, बरं का.

प्रत्येक असाइनमेंटच्या शेवटी एक कबुलीचा कागद घ्या, पण ‘मी एआय वापरलेलं नाही’ असं प्रतिज्ञापत्र नको. त्यावर सगळे सही करतात. चार ओळी मागा: कुठलं साधन, कशासाठी, त्यातलं काय ठेवलं, काय टाकून दिलं आणि का. चौथ्या ओळीला गुण द्या. चांगली ओळ कशी असते ते सांगतो. ‘एआयने १०० दिवस लिहिलं होतं, आजी म्हणाली तेव्हा काम संपेपर्यंत जायचो, ग्रंथालयातल्या पुस्तकात दिवसांची मर्यादा सापडली नाही, म्हणून ते वाक्य काढलं.’ असं लिहिणाऱ्या मुलाला मी मूळ उत्तर न वाचताही पास करीन. ‘भाषा सुधारण्यासाठी वापरलं, सगळं ठेवलं’ असं येईल तिथे एक तोंडी प्रश्न.

प्रोग्रॅमिंगच्या मुलांबद्दल थोडक्यात: कोड यंत्राकडून घेऊ द्या, पण प्रॅक्टिकलला त्यातली एक ओळ बदलून ‘आता काय होईल’ विचारा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला, ज्याला मुंबईकडे ब्लॅक बुक म्हणतात, तारखेवार मसुदे मागा. तयार प्रोजेक्ट करून देणारी दुकानं कॉलेजांच्या आसपास एआयच्या आधीपासून आहेत. तेव्हा आपण डोळेझाक केली ती एआयच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आणि शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. हे सगळं एकट्याने करू नका, विशेषतः तासिका तत्त्वावर असताना. एका मुलाला सकाळी अर्थशास्त्रात एआय चालतं, दुपारी वाणिज्यात ते कॉपी ठरतं, आणि तिसऱ्या तासाला सर स्वतःच एआयने केलेल्या स्लाइड दाखवतात. मग ते पोर मनाला येईल ते करतं. विभागप्रमुखांना सांगून सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक पान तयार करा. त्यात तीनच रकाने: असाइनमेंट कोणती, तिच्यात मुलाने स्वतः काय करायचं, यंत्राला काय चालेल. संशय आला तर प्रक्रिया काय, हे खाली दोन ओळींत: आधी तोंडी प्रश्न, मग पुन्हा लिहिण्याची संधी, डिटेक्टरचा रिपोर्ट पुरावा धरला जाणार नाही. त्यावर प्राचार्यांची सही घ्या. ती सही झाली की शून्य द्यायचा आग्रहही थांबेल, आणि पुढच्या सत्रात तुमची नेमणूक नसली तरी ते पान विभागात राहील.